'वॉल-ई' मोठेपणी बघितला: माणसं फार स्वस्तात सुटतात

कृष्णाकाठ (सांगली)
पिक्सारचा 'वॉल-ई' २००८ साली आला तेव्हा मी शाळेत होतो. परवा भाचीसोबत पुन्हा बघितला. सुरुवातीचा अर्धा तास, जिथं जवळजवळ कुणी बोलतच नाही, तो आजही तितकाच भारी वाटला. माझं भांडण शेवटाशी आहे.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. 'बाय एन लार्ज' नावाची एकच कंपनी सगळं विकते, पृथ्वी कचऱ्यानं भरते. माणसं 'ॲक्सियम' जहाजात बसून अवकाशात जातात आणि कचऱ्याचे ठोकळे करायला यंत्रं मागं ठेवतात. ७०० वर्षांनी त्यातलं एकच उरलंय, ते वॉल-ई. त्याला एक रोप सापडतं, म्हणजे पृथ्वी पुन्हा जगण्याजोगी झाली. ते ईव्ह नावाची रोबो जहाजावर नेते आणि सगळे परत येतात. टाळ्या!

आणि ते कचऱ्याचे डोंगर? २०१९ च्या महापुरात आमच्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ च्या वर गेलं होतं. ते उतरल्यावर गल्लोगल्ली गाद्या, कपाटं, वह्या, कुजलेलं धान्य. तो कचरा कुणाच्या हौसेचा नव्हता, तरी सफाई कामगारांनी तो वास सोसत दिवसेंदिवस उपसला. ते बघितलेल्या माणसाला हा शेवट पटत नाही.

माहुलीकर (सातारा)
अजिबात पटलं नाही, दादा. जहाजावरची माणसं तिथंच जन्मलेली आहेत. कचरा केला त्यांच्या कितीतरी पिढ्या आधीच्या लोकांनी. शिक्षा कुणाला करायची? आणि दोषी कोण ते सिनेमा लपवत नाही. २११० मध्ये कंपनीचा प्रमुखच 'पृथ्वीवर परतू नका' असा गुप्त हुकूम सोडतो आणि जहाज चालवणारं 'ऑटो' शेकडो वर्षं तोच पाळत बसतं. उलट कप्तान रात्र जागून संगणकाला विचारत राहतो, समुद्र म्हणजे काय, शेती म्हणजे काय. ज्याला कुणी शिकवलंच नाही तो स्वतःहून विचारतो, हे मला फार मोठं वाटतं.

शेवटची नामावली बघितली का? गुहाचित्रं, मग इजिप्त, मग मोझेक, पार व्हॅन गॉगपर्यंत. त्यात माणसं आणि रोबो मिळून विहीर खणतात, पेरतात, मासे धरतात. लोक तेवढ्यात उठून जातात.

कृष्णाकाठ
बघितली, आणि सुंदरच आहे. पण सगळ्यात अवघड काम तेच, आणि ते नामावलीत उरकलंय.

विज्ञानवाली ताई (मिरज)
अग्निशामक नळकांडं घेऊन वॉल-ई अवकाशात नाचतो तो प्रसंग मी न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना सांगते. फवारा एकीकडे, तो दुसरीकडे. मुलं पुन्हा विसरत नाहीत.

मला खटकतं ते वेगळंच. माणसं जाड आणि दुबळी का, तर सूक्ष्म गुरुत्वाकर्षणामुळं, म्हणजे जवळजवळ वजन नसल्यासारख्या अवस्थेमुळं, हाडं झिजली, असं सिनेमा सांगतो. झीज खरी आहे. अंतराळवीरांच्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्का घटते. पण मग जहाज कलल्यावर सगळे घसरून एका बाजूला कसे पडतात? खाली ओढणारं काही असेल तरच घसरतील. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. आणि या गोंधळात हसू होतं ते त्या जाड शरीरांचं. वर्गात अशी मुलं असतात, मला ते चालत नाही.

माहुलीकर
ताई, हसू शरीराचं नाही, ज्या तरंगत्या खुर्चीतून ती माणसं कधी उठतच नाहीत त्या खुर्चीचं आहे. जहाजावरचे प्रवासी जॉन आणि मेरी समोरचा पडदा सोडून खिडकीतून तारे बघतात, तेव्हा कोण हसतं?

विज्ञानवाली ताई
तिथं कुणीच नाही हसत. पण त्याआधी जॉन खुर्चीतून पडतो आणि उठू शकत नाही, तिथं अख्खं घर हसतं. मुलं दोन्ही बघतात.

चार भिंती (सातारा)
तुम्ही सगळे माणसांवरच अडकलात. मला मोठेपणी दिसली ती वॉल-ईची नजर. हिऱ्याची अंगठी फेकून तो डबी ठेवतो. अर्धा चमचा अर्धा काटा असलेली वस्तू सापडते, ती कुठल्या ढिगात टाकावी कळेना म्हणून दोन्हींच्या मधे ठेवतो. आमच्याकडं राजवाड्याच्या बाजूला पहाटे बायका पुठ्ठा, पत्रा, बाटली अशाच नजरेनं वेगळं करत असतात. कामाला एवढा मान देणारा नायक मी दुसऱ्या ॲनिमेशनपटात पाहिला नाही. कृष्णाकाठ, तुम्हाला सफाई कामगार आठवले, ते या सिनेमामुळंच ना?

कृष्णाकाठ
हो, त्यामुळंच. म्हणून तर राग येतो. जहाज उतरतं तेव्हा वॉल-ई चेंगरून मोडलेला आहे. त्याला घेऊन एकटी ईव्ह घराकडं धावते. दुरुस्त झाल्यावर तो तिलाही ओळखत नाही, स्वतः जमवलेल्या वस्तूंचेच ठोकळे करायला लागतो. त्या वेळी माणसं काय करतात? रोप लावतात. एकही माणूस त्याच्यामागं जात नाही.

चार भिंती
ते दिग्दर्शक स्टँटननं मुद्दामच तसं ठेवलंय, असं मला वाटतं.

कृष्णाकाठ
मुद्दाम असेल तर पुढं कप्तानाच्या तोंडी एक तरी वाक्य हवं होतं. नाहीये.