मदत हवी आहे: योक्टोत पुरवठादाराच्या आयत्या फर्मवेअरवर 'आर्च' क्यूए एरर

अंबडच्या युनिटसाठी आय.एमएक्स८एम प्लस चिपवर योक्टो ४.० (कर्कस्टोन) म्हणजे एम्बेडेड लिनक्स तयार करणाऱ्या साधनाचा बिल्ड चालू आहे. चिपमधल्या छोट्या कॉर्टेक्स-एम७ कोअरचं फर्मवेअर पुरवठादाराकडून ३२-बिट ईएलएफ (बायनरी फाइलचा एक प्रकार) म्हणूनच मिळतं, सोर्स नाही. रूटएफएस (मुख्य लिनक्सची फाइलसिस्टम) ६४-बिट, म्हणून योक्टोची क्यूए तपासणी 'आर्च' वर, म्हणजे बायनरी कोणत्या प्रोसेसरसाठी आहे यावर अडते. एम७ वर फर्मवेअर चढवणाऱ्या लिनक्सच्या रिमोटप्रॉकला ईएलएफ लागतं, त्यामुळे ऑब्जकॉपी टूलने सपाट बिन फाइल करून चालणार नाही.

स्ट्रिपचा (बिल्डमध्ये बायनरीतली डीबग माहिती काढण्याचा) त्रास मिटला: फाइल ०६४४ परवानगीने /लिब/फर्मवेअरमध्ये टाकली, एक्झिक्युटेबल बिट नसल्याने स्ट्रिप तिला हात लावत नाही. इन्सेन_स्किपमध्ये (पॅकेजसाठी ठराविक क्यूए तपासण्या वगळणारी सेटिंग) 'आर्च' टाकल्यावर बिल्ड होतो, पण त्याच पॅकेजमध्ये आमचं ६४-बिट लोडर टूलही आहे. त्याची तपासणी मला अजिबात सोडायची नाही, चुकीच्या टूलचेनने (कंपायलर संचाने) बनलेली बायनरी तिथेच पकडली जाते.

फर्मवेअरचं उपपॅकेज काढून फक्त त्यालाच स्किप द्यावा, की रेसिपीच (पॅकेज बनवण्याची योक्टो फाइल) वेगळी करावी? फर्मवेअर आणि टूल, दोन्हींचे अपडेट्स वेगवेगळ्या वेळी येतात. प्रत्यक्ष प्रॉडक्शनमध्ये तुम्ही काय ठेवलंय?