करंगळी म्हणजे खरंच एक अंश का? हाताने आकाश मोजण्याबद्दल प्रश्न

निरभ्र
हात सरळ ताणला की करंगळीची रुंदी १ अंश, मधली तीन बोटं ५, मूठ १० आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत २० ते २५ अंश, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण हात तर प्रत्येकाचा वेगळा. मग ही मापं कितपत धरायची? आणि उगवता चंद्र एवढा मोठा दिसतो, त्याच्यासाठी किती बोटं लागतात?

मृगशीर्ष
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: अर्धी करंगळी. चंद्राचा व्यास साधारण अर्धा अंश, म्हणजे ३० कला (१ अंश = ६० कला). पृथ्वीपासूनच्या अंतराप्रमाणे तो २९ ते ३४ कलांच्या दरम्यान राहतो. क्षितिजावरचा मोठेपणा हा दृष्टिभ्रम आहे. खरं तर चंद्र डोक्यावर असतो तेव्हा आपण त्याला सुमारे एक पृथ्वी-त्रिज्येने अधिक जवळ असतो, त्यामुळे क्षितिजावर तो दीड टक्क्याच्या आसपास लहानच असतो. शिवाय वातावरणातल्या अपवर्तनाने (प्रकाश वाकल्याने) तिथे तो उभ्या दिशेने चेपला जातो.

करंगळीने हे पटत नाही, कारण ती चंद्राच्या दुप्पट जाड आहे आणि तो सहज झाकला जातो. त्याऐवजी कागदाला पंचिंग मशिनने भोक पाडा. ते ६ मिमीचं असतं. हात ताणून त्यातून पाहिलं तर चंद्र जेमतेम मावतो. उगवताना आणि वर आल्यावर, दोन्ही वेळा पाहा. हा प्रयोग सूर्यावर करू नका, सूर्याकडे थेट बघायचंच नाही.

ध्रुवमत्स्य
हात लांब असला तर पंजाही बहुधा मोठा असतो, त्यामुळे गुणोत्तर फारसं बदलत नाही. तरी आपलं माप एकदा काढून ठेवावं. बोटाची रुंदी भागिले डोळ्यापासून बोटापर्यंतचं अंतर (दोन्ही सेंमीत), गुणिले ५७.३. करंगळी १.३ सेंमी आणि अंतर ६० सेंमी असेल तर उत्तर सव्वा अंशाच्या जवळ येतं. म्हणून पट्टी डोळ्यापासून ५७ सेंमीवर धरली की १ सेंमी म्हणजे १ अंश. लहान कोनांसाठी मला बोटांपेक्षा पट्टीच बरी वाटते.

आकाशातही तयार मापं आहेत. सप्तर्षींतले क्रतु आणि पुलह ५.४ अंशांवर (तीन बोटं), क्रतु आणि अत्री १०.२ (मूठ), क्रतु ते मरीची जवळपास २६. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे मिळून पावणेतीन अंश. मृगातलेच काक्षी (बीटेलज्यूज) ते राजन्य (रायगेल) साडेअठरा, ही पंजा पूर्ण न ताणलेली वीत. वसिष्ठ-अरुंधती फक्त १२ कला, तिथे हात निरुपयोगी. ग्रहांचं तर विचारूच नका, गुरूचं बिंब एक कलाही भरत नाही.

निरभ्र
मुठीवर मूठ ठेवत क्षितिजापासून डोक्यापर्यंत मोजलं तर ९ मुठी यायला हव्यात ना? आठातच संपतात.

ध्रुवमत्स्य
मूठ वर जाते ती खांद्याभोवती फिरते, डोळ्याभोवती नाही. खांदा डोळ्याच्या खाली असल्याने हात डोक्यावर गेला की मूठ डोळ्याच्या जवळ येते, जास्त आकाश झाकते आणि मुठी कमी भरतात. उंच तारे मोजायचे तर आडवे व्हा किंवा आरामखुर्चीत मागे रेला, म्हणजे हात शरीराशी काटकोनात राहील.

कोपर वाकलं तरी हाच घोटाळा: ६० ऐवजी ४५ सेंमीवर धरलेली मूठ १० ऐवजी १३ अंश झाकते आणि २० अंशांचं अंतर दीड मुठीत संपतं. एक डोळा बंद ठेवा, नाहीतर ताऱ्यावर नजर लावली की बोटं दोन दिसतात. मनगट सरळ, आणि मुठीचं माप चार बोटांच्या मुळांवरून, अंगठा सोडून.

मृगशीर्ष
वितीचा एक चांगला उपयोग: चंद्राभोवती खळं दिसलं तर अंगठा चंद्रावर ठेवा. करंगळीचं टोक कड्याजवळ पोचलं तर ते बर्फस्फटिकांमुळे होणारं २२ अंश त्रिज्येचं खळं. दोन-चार अंशांतच रंगीत तबकडी संपत असेल तर ते ढगातल्या पाण्याच्या थेंबांचं तेजोवलय, प्रकार वेगळा.