आठ चात्यांनी क्रांती झाली, हे सांगणे आता पुरे

चातीवाला (धागाकर्ता):
काल येथे एका सदस्याने लिहिले की, १७६४ च्या सुमारास इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या जेम्स हारग्रीव्ह्जच्या घरात चरखा कलंडला, आडव्या चातीचे, म्हणजे सुताला पीळ देणाऱ्या काडीचे, टोक वर होऊनही ती फिरत राहिली, ते पाहून त्याला आठ चात्यांची स्पिनिंग जेनी, म्हणजे एकदम आठ धागे कातणारे यंत्र, सुचली आणि औद्योगिक क्रांती सुरू झाली. येथवर मी गप्प बसलो असतो. परंतु ‘आपल्या पूर्वजांना एवढी साधी गोष्ट सुचली नाही’ हे शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही.

मी वीस वर्षे चरख्यावर सूत काततो. माझ्या डाव्या हाताच्या चिमटीत पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, असतो आणि धागा कोठे जाड होतो आहे, कोठे तुटायला आला आहे, हे बोटांना डोळ्यांच्या आधी कळते. जेनीत ही चिमूट नाहीशी होते. कापसाच्या सगळ्या सैल वाती एकाच लाकडी चिमट्यात धरायच्या, एका हाताने तो चिमटा मागे ओढायचा आणि दुसऱ्याने चाक फिरवायचे, म्हणजे आठही धाग्यांना एकच ओढ मिळते. कोणाला कमी हवी होती, हे विचारायची सोय नाही. निघणारे सूत मऊ आणि सैल पिळाचे. ते बाण्याला, म्हणजे कापडाच्या आडव्या धाग्याला, चालले, ताण्याला, म्हणजे उभ्या ताणलेल्या धाग्याला, टिकले नाही, म्हणून तिकडचे विणकर ताण्याला जवसाच्या तंतूंचे, म्हणजे लिननचे, सूत घालत राहिले. संपूर्ण सुती कापडाला पुरेल असा कणखर ताणा रिचर्ड आर्कराइटच्या पाण्यावर चालणाऱ्या कताई यंत्राने दिला. त्याचे पेटंट १७६९ चे आणि क्रॉमफर्डची गिरणी १७७१ ची. जेनी हाताने फिरत होती आणि घरात मावत होती. तिने भोंगा वाजवला नाही.

पूर्वजांचे म्हणाल, तर आडवा धागा झपाट्याने नेणाऱ्या १७३३ च्या धावत्या धोट्याने तिकडे माग वेगवान झाले होते, एका मागाला सूत पुरवायला अनेक जणी लागत होत्या आणि मजुरी चढी होती. आपल्याकडे कातणारीला इतके कमी मिळत असे की तिच्या जागी यंत्र घेणारा तोट्यात गेला असता. शिवाय रंगीत, छापील सुती कापड वापरण्यावर इंग्लंडने १७२१ मध्ये बंदी घातली होती, ती आमच्या चरख्याच्या धास्तीनेच.

निवृत्त मास्तर:
चातीवाले साहेब, आपल्या बोटांविषयी आदर आहे, पण इतिहास बोटांनी लिहिला जात नाही. क्रॉम्प्टनने १७७९ मध्ये म्यूल हे कताई यंत्र तयार केले, तेव्हा सूत ताणणारे रूळ आर्कराइटच्या पद्धतीचे घेतले, पण ओढ देत मागेपुढे सरकणारी गाडी जेनीकडून घेतली, आणि मलमलीला लागणारे तलम सूत या ओढीवाचून निघाले नसते. आठ चात्यांवर आपण हसता. १७७० च्या पेटंटात त्या सोळा होत्या आणि पुढे ऐंशीच्याही वर गेल्या. चढ्या मजुरीचे म्हणाल, तर ती हॉलंडातही होती. तेथे जेनी का जन्मली नाही? हारग्रीव्ह्जने यंत्राला मुलीचे नाव दिले आणि १७६८ मध्ये अडाणी जमावाने त्याची यंत्रे मोडून त्याला नॉटिंगहॅमला पळवून लावले, हे मी तीस वर्षे शिकवले आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पेळू:
मास्तर, तीस वर्षे शिकवले म्हणून मुलगी जन्माला येत नाही. हारग्रीव्ह्जच्या मुलींत जेनी नावाची कोणीही नव्हती. तो शब्द ‘इंजिन’चा बोलीतला अपभ्रंश असावा. शाळेत मी परीक्षेत नेमके हेच लिहिले आणि माझे दोन गुण गेले. तो तपासनीस आपण नव्हता, अशी आशा करते.

गिरणगावकर:
मुलीचे नाव राहू द्या, मला ‘अडाणी जमाव’ हे शब्द टोचले. माझी आई परळच्या एका गिरणीत वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या, खात्यात होती. नवी यंत्रे आली त्या दिवशी साहेबांनी पेढे वाटले आणि सहा महिन्यांत खात्यातल्या निम्म्या बायका घरी बसल्या. आईने तो पेढा खाल्ला नाही, पदराला बांधून आणला आणि मला दिला. मला तो गोड लागला, याची आजही खंत वाटते. तिने कोणतेही यंत्र मोडले नाही, पण मोडणाऱ्यांना मी अडाणी म्हणू शकत नाही. कातणे हाच ज्या घरातल्या बाईचा एकमेव रोकड पैसा होता, तिला शेजारच्या माडीवर सोळा चात्या फिरताना पाहून काय वाटले असेल, हे वर्गात बसून कळत नाही.

यंत्रमागवाला, इचलकरंजी:
भावना समजल्या, पण हिशेब करा. सूत स्वस्त झाले म्हणून विणकरांना काम मिळाले. माझ्या वडिलांनी हातमाग विकून दोन यंत्रमाग घेतले, तेव्हा भावकीने बोलणे टाकले. पुढे तीच मंडळी आमच्याकडे जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणून आली. रडत बसणाऱ्यांचा उद्योग उभा राहत नाही.

गिरणगावकर:
आपल्या वडिलांकडे विकायला माग तरी होता. माझ्या आईकडे काय होते, पदरातला पेढा? रडण्याची भाषा माझ्याशी करू नका.

चातीवाला:
दोघांनीही क्षणभर थांबावे, कारण या भांडणाचा निकाल लँकेशायरच्याच दंगलींत आहे. १७७९ मध्ये तेथे पुन्हा यंत्रे फुटली आणि आर्कराइटची बर्केकरची गिरणीही जमावाने उद्ध्वस्त केली. मात्र त्याच जमावाने वीस-चोवीस चात्यांपर्यंतच्या जेनींना हात लावला नाही. त्याहून मोठ्या तेवढ्या फोडल्या. लहान जेनी तोवर त्यांच्याच घरात आली होती आणि तिच्यावर बायका-मुले कमावत होती; मोठी जेनी घरात मावत नव्हती, ती मालकाच्या कामशाळेत गेली. चात्या मोजून हातोडा चालवणाऱ्याला अडाणी म्हणायचे असेल, तर मास्तरांनी खुशाल म्हणावे.

निवृत्त मास्तर:
चात्या मोजल्याचे मला ठाऊक नव्हते. ‘अडाणी’ हा शब्द मागे घेतो. आपण विजयोत्सव करावा. परंतु यातून माझेच म्हणणे सिद्ध होते: दहा-पंधरा वर्षांत लोकांना लहान-मोठी अशी वर्गवारी करावी लागली, इतकी ती घरोघर पसरली होती. जे यंत्र क्षुल्लक असते, त्याच्यासाठी कोणी हातोडा उचलत नाही. म्यूलविषयी आपण अजून अवाक्षर काढलेले नाही, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही.

चातीवाला:
म्यूलची गाडी जेनीची, मान्य. तिचे रूळ आर्कराइटचे, हेही आपण त्याच वाक्यात लिहून गेला आहात.

पेळू:
आणि माझे दोन गुण?

निवृत्त मास्तर:
एक देतो. व्युत्पत्तीत आपण ‘असावा’ असे लिहिले आहे.

कालचा सदस्य:
पूर्वजांविषयीचे वाक्य मी माझ्या लिखाणातून काढले आहे. हारग्रीव्ह्जने पेटंटाआधीच काही जेनी विकल्या होत्या आणि म्हणून त्याचे पेटंट न्यायालयात टिकण्यासारखे राहिले नाही, हे मी लिहायला हवे होते, तेही आता जोडले. चरखा कलंडल्याची गोष्ट मात्र तशीच ठेवतो, कारण माझ्या नातवाला तेवढीच आवडते.