मदत हवी आहे: नाताळच्या सुट्टीत ओमान, सहा रात्री, सासूबाई आणि मुलासह

दिशा_डोंबिवली
आम्ही दोघं, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय 68, गुडघे दुखतात). वाळवंटात एक मुक्काम आणि वाडी शाब (अरबीत वाडी म्हणजे नदीची दरी) नक्की हवं. सलाला बसेल का? फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी) घ्यावीच लागते का? उष्ण देश म्हणून सगळे सुती कपडेच भरतेय, चालेल ना?

वाटाड्या
सलाला काढून टाका. मस्कतपासून हजारेक किलोमीटर आहे, आणि फोटोतली ती हिरवळ जून ते सप्टेंबरची. तिथल्या पावसाळी मोसमाला 'खरीफ' म्हणतात. आपल्या खरिपाचा चुलतभाऊच. डिसेंबरात धबधबे नसतात.

बाकी सगळं वेळापत्रक शुक्रवारभोवती बांधा. निझवाचा बकरी बाजार फक्त शुक्रवारी सकाळी असतो आणि नऊनंतर तिथे फारसं काही उरत नाही. गिऱ्हाईकं गोल करून उभी राहतात, विकणारे दोरीला धरून बकऱ्या त्या गोलात फिरवतात, मध्येच कोणीतरी हात घालून दात तपासतो. मस्कतची सुलतान काबूस मशीद मात्र मुस्लिमेतरांना शुक्रवारी बंद. इतर दिवशी सकाळी 8 ते 11. बायकांचे केस, मनगटं, घोटे झाकलेले हवेत. शिवाय तिथली सुट्टी शुक्रवार-शनिवार, तेव्हा वाड्यांमध्ये तोबा गर्दी.

म्हणून: बुधवारी मस्कतला उतरा. गुरुवारी आठ वाजता मशीद, मग निझवा (दोन तास धरा). शुक्रवारी बाजार, किल्ला, दुपारी मिस्फात अल अब्रीयीन हे डोंगरातलं गाव. शनिवारी वाळवंटाच्या कडेचं बिदिया गाव आणि वाळवंट. रविवारी वाडी बनी खालिद करून सूर शहर. सोमवारी वाडी शाब, बिम्माचा खड्डा (जमीन खचून झालेला डोह), रात्री मस्कत. मंगळवारी परत.

गुडघेदुखी_क्लब
सासूबाईंना वाडी शाब झेपणार नाही, हे आधीच ठरवून टाका. सुरुवातीला होडीने पलीकडे जायचं, मग दगडगोट्यांतून पाऊण तास चाल, आणि पुढे पोहूनच जावं लागतं. शेवटच्या गुहेत शिरायची फट जेमतेम डोकं जाईल एवढी, आणि खाली पाय टेकत नाहीत. मुलाला लाइफ जॅकेट हवंच. ओल्या दगडांवर चपला घसरतात, रबरी तळाचे बंद बूट घाला. आठपर्यंत पोचा, अंधार साडेपाचपासूनच पडतो आणि दरीत सावली त्याच्या कितीतरी आधी येते.

त्यांच्यासाठी वाडी बनी खालिद उत्तम. पार्किंगपासून पहिल्या डोहापर्यंत बांधलेली सपाट वाट आहे.

पीएसआय_अठरा
गाडीचं. वर दिलेल्या मार्गाला साधी सेदान पुरते. फोर बाय फोर दोनच ठिकाणी लागते: वाळू आणि जबल अखदर हा डोंगर. जबल अखदरच्या पायथ्याला, बिरकत अल मोझला, पोलिस गाडी तपासतात. इथे पुष्कळ जण फसतात: दिसायला एसयूव्ही, पण मुल्कियावर, म्हणजे नोंदणीपत्रावर, टू व्हील ड्राइव्ह. सरळ परत पाठवतात. कारण उताराचं आहे. सतत ब्रेक दाबून ते तापतात आणि लागेनासे होतात. खालच्या गिअरमध्येच उतरायचं.

वाळूत स्वतः न्यायची असेल तर टायरमधली हवा 35 वरून 18 पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणा. व्हॉल्व्हची पिन किल्लीच्या टोकाने दाबून ठेवा, मध्ये मध्ये मापक लावून बघा. टायर उंटाच्या पावलासारखा पसरतो आणि वाळूवर तरतो. 12 च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून सुटतो. रुतली की एक्सलेटर दाबू नका, चाक खड्डाच खणतं. चाकांपुढची-मागची वाळू हाताने काढा आणि आलेल्या चाकोरीतूनच रिव्हर्स घ्या. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा भरून घ्या. त्यासाठी पंक्चरवाला बिदियातच मिळेल.

वाटाड्या
पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी हे करू नये, असं माझं मत. भाड्याच्या गाडीचा विमा बहुतेक वेळा वाळूतलं नुकसान भरत नाही. बरेच कॅम्प बिदियाहून त्यांच्या गाडीने नेतात. बुक करतानाच विचारा.

पीएसआय_अठरा
सासूबाई सोबत आहेत म्हणून मान्य. 😀 मग इंटरनॅशनल परमिट आरटीओतून काढा, वाहन उजवीकडून. गोल चौकात आत फिरणाऱ्या गाडीचा हक्क पहिला. डिपॉझिटला क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं हवं. रात्री गावाबाहेर गाडी नको, उंट रस्त्यावर बसतात.

दिशा_डोंबिवली
खूपच स्पष्ट झालं. कपड्यांचं राहिलं. आणि तिकीट दुबईमार्गे स्वस्त पडतंय, तसं काढू का?

गुडघेदुखी_क्लब
मस्कतला दिवसा पंचवीसच्या आसपास, सुती ठीक. वाळवंटात मात्र कोरडी हवा, ढग नाहीत, सूर्य गेला की वाळू भराभर निवते. जाड स्वेटर, कानटोपी, सासूबाईंना मोजे आणि शाल. पहाटे दव पडतं, बाहेर ठेवलेले बूट ओले होतात. शिवाय उत्तर ओमानचा पाऊस हिवाळ्यातच येतो. आकाश भरलं असेल तर वाडीत उतरू नका. पाऊस डोंगरात पडतो आणि लोंढा तुमच्याकडे कोरड्या उन्हात येतो. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. त्यात गाडी घातली तर दंड वेगळा.

दुबईमार्गे गेलात तर खसखस सामानात नको. यूएईत ती अमली पदार्थांत मोडते. अनारसे, कांदा-लसूण मसाला, सगळं तपासून भरा.