मारुती ८००: मागचे लायनर नवे टाकले, ड्रम बसेना, ठोकून बसवला तर चाक धरतंय

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. वडिलांची १९९८ ची ८०० आहे, आता तिचं काम म्हणजे बाजार, शेत आणि कधी लग्नकार्य, बाकी वेळ दारात लिंबाखाली उभी. हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला तरी उतारावर सरकायची म्हणून मागच्या ब्रेकचे लायनर (चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारं अस्तर) बदलायचे ठरवले. मिस्त्री चार दिवस येतो येतो म्हणत आलाच नाही, म्हटलं आपणच करू, त्यात काय.

डस्ट कॅप, स्प्लिट पिन, मोठा नट सगळं निघालं पण ड्रम जागचा हलेना. शेवटी चाक उलटं लावलं, दोन नट आवळले आणि दोन्ही हातांनी हिसके दिले तेव्हा कुठे निघाला. इथवर बरं होतं. मग जोशात दोन्ही बाजू एकदम उघडल्या आणि शू (लायनर चिकटवलेले कमानीसारखे पत्रे), स्प्रिंगा, मधल्या पट्ट्या सगळं एकाच घमेल्यात टाकलं. हो, माहितीये, हसून घ्या.

दुसऱ्या दिवशी मोबाईलमधला एकुलता एक फोटो बघून नवे शू बसवले तर ड्रम वर चढेना. उजवा कसाबसा गेला, डावा लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने घातला. चाक घासत घासत फिरत होतं पण वाटलं नवीन लायनर आहेत, चालवल्यावर जागा करतील. काल धुळ्याला निघालो, नवलनगरच्या पुढे जळका वास यायला लागला, उतरून बघतो तर डावं मागचं चाक हात लावू देईना. वरून आपला मे महिना. अर्धा-पाऊण तास बाभळीखाली बसलो आणि पंचवीस-तीसच्या स्पीडने परत घरी आलो. पेडल वर आहे, कडक आहे. उजवं चाक नुसतं कोमट होतं. शू उलटे लागले असतील का?

शिरपूर_फाटा

भो, शंभर टक्के उलटे लावले तू. लहान लायनर पुढे, लांब लायनर मागे, हा नियमच आहे. आमच्याकडे जुन्या गाड्या याच पद्धतीने बांधतात.

बोरीकाठ (अमळनेर)

पण भाऊ माझ्या चारही शूंचे लायनर एकाच लांबीचे दिसतायत. फरक इतकाच की प्रत्येक जोडीत एकाला हँडब्रेकची लिव्हर लागते, ती मी मागच्या शूला लावली आहे, फोटोत तशीच होती.

लोको_फिटर (भुसावळ)

पहिली गोष्ट, गाडी आता जागची हलवू नका. ड्रम एवढा तापला की आतल्या बेअरिंगचं ग्रीस पातळ होतं, व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलतो तो) रबर भाजतं आणि ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल एकदम तळाला जातं. परत आलात ते नशीब समजा.

शिरपूरच्या भाऊंचा नियम खोटा नाही, पण तो दुसऱ्या जातीच्या ब्रेकचा आहे. ज्या ब्रेकमध्ये दोन्ही शू खालच्या बाजूला ऍडजस्टरने एकमेकांना जोडलेले असतात आणि ती जोडणी मोकळी तरंगते, तिथे एक शू दुसऱ्याला ढकलतो, मागच्यावर जास्त भार येतो म्हणून त्याचा लायनर लांब. ८०० ला तसं नाही. वर सिलिंडर, खाली शूंची टोकं पक्क्या ठेपीवर टेकलेली. पुढे जाताना पुढचा शू ड्रमसोबत ओढला जाऊन जास्त धरतो, मागचा त्या मानाने निवांत. तेव्हा लांबी सारखी आणि लिव्हर मागच्या शूला, हे तुमचं बरोबरच आहे.

आता अंदाज बांधत बसण्यापेक्षा एक साधी परीक्षा करा. पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं उचला आणि खाली ठोकळे द्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली घुसायचं नाही. हँडब्रेक पूर्ण खाली. या गाडीची ओढ पुढच्या चाकांना, मागच्यांचा इंजिन-गिअरशी काही संबंध नाही, म्हणजे मागचं चाक अडतंय तर एक तर ब्रेक नाहीतर बेअरिंग. मग डाव्या चाकाचा ब्लीडर (ब्रेकमधलं ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) अर्धा फेरा उघडा. चिळकांडी उडून चाक सुटलं तर भानगड ऑइलच्या बाजूला, म्हणजे नळी चोंदलेली किंवा पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर प्रेशर सोडत नाही. नाही सुटलं तर दोष ड्रमच्या आत, शू, पट्टी किंवा हँडब्रेक. ऑइल पत्र्यावर पडू देऊ नका, रंग खातं.

माझा संशय कुठे आहे तेही सांगतो. हँडब्रेक पार वर यायचा म्हणता. लायनर झिजले की नवे टाकायचे सोडून केबलचा नट आवळायचा ही आपल्याकडची जुनी खोड. तुमच्या गाडीला पंचवीस वर्षांत तो नट किती वेळा आवळला गेला असेल देव जाणे. आता शू आले नवे जाड आणि केबल तशीच ताणलेली, म्हणजे आतली लिव्हर आधीच ओढलेली, ती दोन्ही शू बाहेर दाबून धरते. मग ड्रम चढेल कसा? आधी केबल पूर्ण ढिली करायची, नंतर शू लावायचे आणि केबलचा ताण सगळ्यात शेवटी बघायचा. नव्वद टक्के लोक इथेच चुकतात, मीसुद्धा पहिल्या वेळी चुकलो होतो आणि माझ्यावर तर ओरडायला फोरमन उभा होता.

अजून एक. मधल्या पट्टीवर दातऱ्याचा ऑटो ऍडजस्टर आहे, जुने शू झिजत गेले तसा तो एकेक दात पुढे सरकत गेला असणार. तो पेचकसने सोडवून पार मागे घेतला होता का? आणि सगळं एकाच घमेल्यात टाकलं म्हणता, तर डाव्याची पट्टी उजव्याला गेली नाही ना हे बघा. दोन्ही बाजूंचे भाग आरशातल्यासारखे उलटसुलट असतात, अदलाबदल झाली तरी बसल्यासारखे वाटतात पण दातरा काम करत नाही.

केळीबाग_रावेर

काकांनी सगळं सांगितलंच, माझी थोडी भर. ड्रमच्या आतल्या कडेला बोट फिरवून बघ, झिजून तिथे कंगोरा झालेला असतो. नवा शू त्या कंगोऱ्याला अडतो आणि आपल्याला वाटतं शू जाड आला. थोडाफार असेल तर लेथवाला काढून देतो, पण ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, त्याच्या पुढे गेला असेल तर लेथचे पैसे घालू नको, सरळ नवा ड्रम घे. तापून बारीक चिरा पडल्या असतील तरी तेच. आमच्या केळीच्या पिकअपचा ड्रम एकदा चिरलेला निघाला होता, तेव्हापासून मी टॉर्च लावून बघितल्याशिवाय ड्रम चढवत नाही.

आणि आतली काळी पूड तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने फुंकू नको रे बाबा, जुन्या लायनरमध्ये ऍस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पूस आणि फडकं फेकून दे. पेट्रोल-डिझेलने धुवायचं तर नावच काढू नको, सिलिंडरचं रबर फुगून बसतं.

पांझराकाठ_धुये

काय भो, धुयाले उनाच नही का मंग? शेवभाजी हुकली तुमची.

मजा बाजूला, पाठीमागच्या प्लेटवर शू जिथे टेकतात त्या उंचवट्यांवर ग्रीसचं नुसतं बोट फिरवायचं बरं का, लाडूला तूप सोडल्यासारखं नाही. लायनरला लागलं तर तो शू गेला कामातून.

बोरीकाठ (अमळनेर)

आज सकाळी सहाला लागलो, ऊन व्हायच्या आत. काका, तुमच्या परीक्षेचा निकाल असा: ब्लीडर उघडला, थोडं ऑइल आलं, चाक जसंच्या तसं जाम. म्हणजे आतलंच काहीतरी.

केबलचा नट बघितला तर आट्यांच्या पार शेवटापर्यंत आवळलेला, वडिलांना विचारलं तर म्हणे दर पावसाळ्यानंतर आवळून घ्यायचो, मिस्त्रीनेच सांगितलं होतं. तेल सोडून अर्ध्या तासाने ढिला केला आणि उजवं चाक लगेच सुटलं, एका बोटाने फिरतंय. डावं थोडं सैल झालं पण अजून धरतंच आहे. ड्रम पुन्हा हिसके देऊन काढला. दातरा मी मागे घेतलाच नव्हता, दोन्हीकडे. पट्ट्या मात्र आपापल्या बाजूलाच निघाल्या, तेवढी अक्कल चालली होती. दातरा मागे घेतला, ड्रम हाताने सहज चढला, पण हँडब्रेक एकदा ओढून सोडला की डावं पुन्हा जाम, उजवं ठीक. आता काय?

लोको_फिटर (भुसावळ)

छान, निम्मं काम झालं. डावा ड्रम परत काढा आणि लिव्हरच्या टोकातून केबल सोडवा. लिव्हर हाताने पुढे-मागे करा, सैल हलून तिची ठेप शूच्या पट्टीला टेकली पाहिजे. मग केबलचं टोक पकडीने ओढून सोडा. चटकन मागे गेली तर केबल चांगली. रेंगाळत गेली किंवा गेलीच नाही तर केबल कव्हरच्या आत गंजली आहे. लिंबाखाली उभी राहणारी गाडी, चार-चार महिने हँडब्रेक न सोडलेला आणि आपली काळी माती आत गेलेली, दुसरं काय होणार. तिच्यात तेल सोडत बसू नका, दोन दिवस चालेल आणि पुन्हा अडकेल. बदला.

ड्रम उघडाच आहे तर व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड अलगद उचलून बघा. आत ओलं दिसलं तर सिलिंडर पण गेला. ड्रम बाहेर असताना पेडलला कुणी हात-पाय लावू नका, पिस्टन बाहेर येतील.

बोरीकाठ (अमळनेर)

तुम्ही सांगितलं तेच निघालं. केबल ओढली ती तशीच राहिली, पेचकसने ढकलावी लागली. रबरी टोपीतही ओल होती, पिस्टनच्या कडेला चिकट काळं. मग जळगावला भाच्याला फोन केला, त्याने संध्याकाळच्या पॅसेंजरने डावी केबल, डावा सिलिंडर आणि डॉट ३ ब्रेक ऑइलची बाटली पाठवली. डावे नवे शू तापून काचेसारखे चकचकीत झाले होते, पॉलिश पेपर मारून वापरू का असं मनात आलं होतं, पण सिलिंडरच्या ऑइलचा डाग एकावर दिसला म्हणून ते पण बदलले, म्हणजे हातोडीचा तो एक ठोका मला चांगलाच महाग पडला. ड्रम टॉर्च लावून बघितला, चिरा नाहीत, कंगोरा नाममात्र.

ब्रेक ऑइलमधली एअर काढायला वडिलांना पेडलवर बसवलं. मी खालून "दाबा" म्हणायचो, "सोडा" मी ब्लीडर बंद केल्यावरच म्हणायचो, तरी ते दोनदा आधीच सोडून मोकळे आणि वरून म्हणे तू हळू करतोस. मास्टर सिलिंडरपासून लांबचं म्हणून मागचं डावं आधी केलं, टाकीतलं ऑइल खाली जाऊ दिलं नाही. नंतर दहा-बारा वेळा जोराने पेडल दाबलं तेव्हा आतून दातरा सरकल्याचा टिक टिक आवाज स्पष्ट ऐकू आला. सगळ्यात शेवटी केबल. आता हँडब्रेक सहाव्या खटक्याला पक्का धरतो आणि सोडला की दोन्ही चाकं मोकळी.

आज बोरीच्या पुलापर्यंत दोन चकरा मारल्या, थांबून दोन्ही ड्रमजवळ हात नेऊन बघितला, दोन्ही सारखेच कोमट.

केळीबाग_रावेर

उजवी केबल पण त्याच वयाची आहे ना रे?

बोरीकाठ (अमळनेर)

हो. भाच्याला परत फोन केलाय.