मदत हवी आहे: डीनॉईज केलं (फोटोतले दाणे घालवले) की बिबट्याची लव प्लास्टिकसारखी दिसते

सूर्यास्तानंतरचा बिबट्याचा फोटो आहे. रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली) फाइल, क्रॉप (लहान आकाराचा) सेन्सर, आयएसओ ६४००, शटर १/२५०, अ‍ॅपर्चर एफ/६.३. डोळ्यावरचा फोकस नेमका आहे, फक्त फोटो दीड स्टॉप (उजेड मोजायचं एकक) अंडरएक्सपोज, म्हणजे हवा त्याहून काळोखा झालाय.

लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) एक्स्पोजर +१.५ केलं की पोटाखालच्या सावलीत जांभळट छटा आणि रंगीत ठिपके येतात. कलर नॉईज काढायचा स्लायडर ५० वर नेल्यावर ठिपके गेले, छटा राहिली. टिंट हिरव्याकडे सरकवला तर सगळ्या गवताचाच रंग बिघडतो. एआय डीनॉईज ६० वर पार्श्वभूमी सुरेख होते, पण मिशा आणि कानावरची लव पुसली जाते. ३० वर लव टिकते, मात्र मागच्या धूसर भागात दाणे राहतात, आणि नजर नेमकी तिकडेच जाते.

क्रॉपनंतर ३६००×२४०० पिक्सेल उरतात, १२×८ इंची प्रिंट काढायची आहे. याच क्षणाची दुसरी फ्रेम नाही. फोटोशॉप आहे. संध्याकाळचा काळोख मात्र जपायचाच आहे, दुपारचा उजेड नको.

डीनॉईज ३० आणि ६० अशा दोन फाइली करून लेअर मास्कने (कुठल्या भागात कुठली फाइल दिसावी ते ठरवणारा थर) जोडल्या तर मिशांच्या कडेला रेघ दिसू नये म्हणून मास्क किती मऊ ठेवावा? आणि जांभळट छटा फक्त सावलीतून काढायला कॅलिब्रेशनमधला शॅडो टिंट (सावल्यांचा हिरवा-जांभळा तोल) वापरावा की ल्युमिनन्स रेंज मास्क (ठरावीक उजेडाचाच भाग निवडणारा)?