तिसरी पिन जोडावी की मोकळी ठेवावी?

मिक्सरच्या एक्सएलआर (तीन पिनांच्या) आउटपुटपासून घरच्या ॲम्प्लिफायरच्या आरसीए (मधे एक पिन आणि भोवती ग्राउंडचे कडे असलेल्या) इनपुटपर्यंत केबल करताना पिन ३ (उलटा सिग्नल) सरळ पिन १ ला (ग्राउंड) जोडावी, हा सल्ला मला अर्धाच बरोबर वाटतो. आउटपुटला ट्रान्सफॉर्मर असेल तर ती जोडणी हवीच, कारण एरवी सिग्नलचे वर्तुळ पूर्ण होत नाही. परंतु पुष्कळ उपकरणांत पिन ३ मागे स्वतंत्र ॲम्प्लिफायर असतो आणि ती ग्राउंडला टेकवली की तो शॉर्ट होऊन आवाज फाटू शकतो. इंदूरला आमच्या घरी नेमके हेच झाले होते. पिन ३ ची तार कापून टोकावर हीटश्रिंक (उष्णतेने आकसून घट्ट बसणारी इन्सुलेशनची नळी) चढवली, तेव्हा तबल्याच्या थापेवर येणारी चरचर गेली. (मॅन्युअल आधी वाचले असते तर एक रविवार वाचला असता.)

मागे उरलेली घूंघूं मात्र ५० हर्ट्झची, ग्राउंड लूपची (दोन उपकरणांची अर्थिंग केबलमधूनही जोडली जाऊन बनणाऱ्या वर्तुळाची) होती; ती केबलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (थेट तारेच्या जोडणीविना सिग्नल पुढे देणारा) लावल्यावरच थांबली. त्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा जुगाड कृपया कोणी करू नये, त्यात जिवाला धोका आहे.

सिग्नलची व्यावसायिक पातळी १.२३ व्होल्टची आणि घरगुती ०.३१६ व्होल्टची असल्याने मिक्सरचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) थोडा खालीच ठेवावा.